बोळाच्या तोंडाशी उभी मोटार

॥ श्री ॥

परभणी,
पौष वद्य सप्तमी, शके १८६५

चि. सौ. हेमावन्सं यांस,

परभणीहून प्रमोदिनीवहिनीचे आशीर्वाद. तुमचं पत्र गुरुवारी पोचलं. तुमची तब्येत सुधारतेय, लेक अंगावर नीट प्यायला लागलीय, हे वाचून जिवाला बरं वाटलं. शेकशेगडी इतक्यात सोडू नका. यंदा थंडी लय आहे आणि तुमच्याकडं गोदागंगेवरचा वारा थेट घरात शिरतो. मेथीचे लाडू करून ठेवलेत. सोनपेठकडं कुणी निघालं की पाठवते. यंदा आपल्याकडं संक्रांत नव्हती, त्यामुळं तिळगूळ नाही. श्री. गोविंदरावांना नमस्कार सांगा.

माझं अक्षर वाकडं येतंय. हाताला जरा लागलंय, बाकी काही नाही.

आईंचं तुम्ही विचारलंत. वन्सं, आई शांतपणे गेल्या. आदल्या संध्याकाळी दोन घास मऊ भात खाल्ला. तुमचं मुलगी झाल्याचं कार्ड त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, हेमाचं नाक घेतलं असेल तर बरं. पहाटे मी चूल पेटवायला उठले तेव्हा श्वास हलका झाला होता. तुमच्या भावाला हाक मारली, त्यांनी तोंडात पाणी घातलं. सगळं पाच-दहा मिनिटांत झालं. त्रास काही झाला नाही. एवढं तुम्ही मनात ठेवा.

बाकी इकडचं काय लिहू. तुम्ही येऊन गेलात त्याला वर्ष होत आलं, त्यामुळं आपला बोळ आता कसा झालाय ते तुम्हाला ठाऊक नाही. रस्त्यापलीकडचे दिनकरराव वकील तुम्हाला आठवत असतील, तुमच्या भावाचे साहेब. त्यांनी दसऱ्याला मोटार घेतली. कुणी अंमलदार बदलून गेला, त्याची जुनीच, पण काळी कुळकुळीत, चारी बाजूंनी बंद, काचांची. घेतली तर घेतली. पण वकीलसाहेबांच्या घराला ना अंगण ना परसू. दारात लगेच रस्ता, आणि रस्त्यानं सकाळपासून मोंढ्याकडं कापसाच्या गाड्या. तिथं मोटार ठेवली की गाड्यांची चाकं घासतात आणि रस्ते-गटारं बघणाऱ्या बलदियाचा जवान येऊन हटकतो. मग काय करावं? मोटार पाठीमागं घेत घेत आपल्या बोळाच्या तोंडात घुसवायची आणि तिथंच सोडून द्यायची. बोळात शिरताना पहिलं दार आपलं, म्हणजे ती येऊन उभी राहते ती आपल्या ओट्याला लागूनच.

आणि उभी म्हणजे उभीच. या लढाईपायी पेट्रोलला चिठ्ठी लागते. महिन्याला मिळतं ते तालुकदारसाहेबांच्या बंगल्यावर चार चकरा मारल्या की संपतं. पुढं महिनाभर ती मोटार आपल्या दारात बसून असते, जावयासारखी.

तुम्ही म्हणाल, वहिनी एवढ्याशा गोष्टीला काय धरून बसलीय. वन्सं, एक दिवस इथं राहून बघा. बोळ आंधळा, आत सहा बिऱ्हाडं, बाहेर पडायला तोंड एकच, आणि त्या तोंडात मोटार. भिंत आणि मोटार यांच्यामध्ये एक माणूस आडवं अंग करून जाईल एवढीच फट. आडावरून घागर आणायची तर डोक्यावरची कमरेवर घ्यायची, कमरेवरची हातात घ्यायची आणि खेकड्यासारखं सरकायचं. लुगड्याचा काठ मोटारीच्या दाराच्या मुठीत अडकून किती जणींचा फाटला. सरपणाची गाडी आत येत नाही, गाडीवाला बाहेर रस्त्यावर ओतून जातो आणि आम्ही दुपारभर एकेक ओंडका वाहतो. सकाळी सडा घालून रांगोळी काढावी तर संध्याकाळी तिच्यावर तेलाचे काळे डाग. मुलं शिवाशिवी खेळताना तिला लागली की पलीकडून डरायव्हर ओरडत येतो.

मी तुमच्या भावाला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, ही इथं कशी? ते म्हणाले, साहेबांनी मला विचारून ठेवलीय. मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगितलंत? तर म्हणतात, मुन्शीनं काय सांगायचं असतं?

त्यानंतर मी रोज बोलत गेले आणि ते रोज ऐकून घेत गेले. ऐकून घेण्यात तुमच्या भावाचा हात कुणी धरणार नाही. मी बोलायला लागले की ते चष्मा पुसायला घेतात. चष्मा पुसून होतो, माझं बोलणं संपत नाही, मग ते पुन्हा पुसतात.

आईंचं तेवढं वाईट वाटायचं. थंडी पडली की त्या सकाळी ओट्यावर उन्हाला बसायच्या, तुम्हाला माहीतच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायच्या, भाजीवालीची टोपली उतरवायला लावायच्या, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा बैल लंगडतोय, सगळं त्यांना ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. मोटार आली आणि ओट्यापुढं काळा पत्रा उभा राहिला. ऊन त्याच्या पलीकडं पडायचं. तरी त्या सवयीनं येऊन बसायच्या. एक दिवस तुमच्या भावाला विचारलं, "अनंता, ही जाणार कधी?" ते म्हणाले, पेट्रोल मिळालं की. आई म्हणाल्या, "मग मी आतच बसते." आणि त्या आतच बसायला लागल्या. मोटारीमुळं आई गेल्या असं मी म्हणत नाही. वय झालं होतं, छातीत कफ होता. पण शेवटचे दीड-दोन महिने त्यांनी रस्ता पाहिला नाही, हे मी म्हणणार.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. सोनपेठच्या बाजारात कुणी तुमच्या घरी सांगितलं की आईला बाहेर काढताना काही गडबड झाली, ते काय? ती ओळ मी गुरुवारपासून पुन्हा पुन्हा वाचतेय. आधी वाटलं, उत्तरात ती गाळावी. तुम्ही बाळंतीण, मनाला लावून घ्याल. पण बाजारात ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

त्या दिवशी सकाळी सगळे जमले. पुढच्या बोळातली बायनाबाई, शेवया वळून देते ती विधवा बाई, तिनं आणि मी आईंना न्हाऊ घातलं. हिरव्या काठाचं लुगडं नेसवलं. बाहेर दारापुढं तिरडी बांधून झाली. बांधताना कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणजे आलं असेल, पण कुणी बोललं नाही. आईंना तिरडीवर ठेवून चौघं उठले आणि दोन पावलांवर थांबले. पुढं मोटार.

वकीलसाहेब पेशीसाठी हैद्राबादला गेलेले. मोटारीची चावी डरायव्हरकडं, आणि डरायव्हर रजेवर चुडाव्याला त्याच्या गावी. पलीकडं जाऊन वकीलीणबाईंना विचारलं, तर त्यांनी वरूनच सांगितलं की साहेबांच्या मोटारीचं मला काही कळत नाही.

मी आत होते. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं. एक जण म्हणाला, तिरडी वाकडी करून नेऊ. दुसरा म्हणाला, मोटारीच्या टपावरून पलीकडं देऊ. आणि मग कुणीतरी म्हणालं, आईंना नुसतं हातावर उचलून फटीतून रस्त्यावर नेऊ आणि तिरडी तिथं पुन्हा बांधू. वन्सं, त्या फटीतून हातावर नेणं म्हणजे काय, ते मी लिहीत नाही. तिथून जिवंत माणूस अंग चोरून जातं. त्यांना उभं करून, भिंतीला घासत न्यावं लागलं असतं.

आतल्या बाजूला राहणारा मुंजाजी हमाल तिरडीचा पुढचा खांदा धरून होता. तो म्हणाला, "मालक, आक्काला उभ्यानं न्याचं? असं कुठं असतंय व्हय? काच फोडू, आत हात घालून बिरेकचा दांडा सोडू आन् ढकलू. किती येळ लागतोय."

सगळे तुमच्या भावाकडं बघायला लागले. ते हातात विस्तवाचं मडकं घेऊन उभे होते. मला वाटलं, आता तरी. ते म्हणाले, "साहेबांच्या इजाजतीशिवाय मोटारीला हात लावता येणार नाही. आईला हातावरच घेऊ."

हे ते त्यांच्या आईबद्दल म्हणाले. आई तिथंच होत्या.

मला त्यानंतरचं नीट सांगता येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि बाहेर आले. डोक्यावरचा पदर होता की नव्हता कुणास ठाऊक. पुरुष बाजूला झाले. तुमचे भाऊ म्हणाले, "अगं, काय करतेस? त्यांना तार करू, जबाब येऊ दे." मी म्हटलं, "करा तार. जबाब येईपर्यंत आई अशाच थांबतील, मीही थांबते. पण त्या फटीतून जाणार नाहीत." ते मडकं हातात धरून तसेच उभे राहिले. मग मी वरवंटा काचेवर घातला.

पहिल्यांदा नुसता तडा गेला. दुसऱ्यांदा फुटली. हात आत गेला, तेव्हाच लागलं. पुढचं सगळं मुंजाजी आणि बाकीच्यांनी केलं. आत हात घालून दार उघडलं, दांडा खाली केला, आणि दहाबारा जणांनी ढकलून मोटार रस्त्यावर नेली. कापसाच्या गाड्या दोन्हीकडं थांबल्या, गाडीवान खाली उतरले. मग तिरडी पुन्हा उचलली. आई चौघांच्या खांद्यावरून, बोळाच्या मधोमध, सरळ बाहेर गेल्या. तुमचे भाऊ पुढं मडकं घेऊन चालत होते. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. बायनाबाईनं स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या हाताला बांधली.

एवढंच असतं तर मला तुमच्यापासून लपवावंसं वाटलं नसतं. यात मला लाज वाटावी असं काही नाही. लाज वाटावी असं पुढं झालं.

दहावा होण्याच्या आत वकीलसाहेब हैद्राबादहून परत आले आणि त्याच संध्याकाळी भेटायला आले. ओट्यावर बसले. माणूस वाईट नाही, वन्सं, तेच तर अवघड आहे. आईंबद्दल चांगलं बोलले. काचेचं काही मनावर घेऊ नका म्हणाले. मग म्हणाले, मला तार करायची होतीत ना मुन्शीजी, मी इजाजत दिली नसती का? मी आत भिंतीला टेकून बसले होते. माझ्या मनात आलं, आईंना त्यांच्या स्वतःच्या दारातून बाहेर जायला हैद्राबादहून इजाजत लागते तर. आणि तेवढ्यात तुमचे भाऊ बोलले. "चुकी झाली साहेब. घरात दुःख होतं. बायकांना भान राहिलं नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, उठून जायचे. दहावा झाला, बारावा-तेरावा झाला, माणसं आली, जेवली, गेली. सगळ्यांसमोर मी नेहमीसारखी होते. एकटे असलो की घरात फक्त भांड्यांचा आवाज. त्यांनी चारदा माझ्या हाताला कसं आहे म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं नाही. नवऱ्याशी अबोला धरणं मला शोभतं का, असं तुम्ही विचाराल. मीही मला विचारत होते. पण तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं ते सुतकाच्या घरात बोलायचं नसतं.

गोडजेवण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी तुमचे भाऊ नेहमीसारखे कागदांचं बासन बगलेत मारून निघाले. मी आत धान्य निवडत होते. मोटारीचा आवाज आला. डरायव्हर परत आला होता आणि इतके दिवस रस्त्याकडेला पडून असलेल्या मोटारीला पाठीमागं घेत घेत बोळात आणू लागला होता. माझा हात सुपातच थांबला. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. उठून बघायचीही इच्छा होईना.

मग भोंगा वाजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, लांब. मी दारात आले. तुमचे भाऊ बोळाच्या मधोमध उभे होते, बासन छातीशी धरून. मोटार त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. डरायव्हर डोकं बाहेर काढून म्हणत होता, मुन्शीजी, बाजूला व्हा ना. ते हलले नाहीत. फक्त म्हणाले, "इथं नाही."

आवाजानं वकीलसाहेब रस्ता ओलांडून आले. बोळातली माणसं बाहेर आली. तुमचे भाऊ घामाघूम झाले होते, एवढ्या थंडीत. मला वाटलं आता ते चष्मा काढतील. त्यांनी काढला नाही. म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. माझ्या बायकोला पुरतं भान होतं. मला नव्हतं." वकीलसाहेब म्हणाले, अहो, तो विषय संपला. हे म्हणाले, "संपला असेल. पण मोटार इथं नाही."

वकीलसाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. एवढ्या लोकांपुढं काय बोलणार. डरायव्हरला बोटानं खूण केली आणि मोटार गेली.

मी त्या संध्याकाळी त्यांना वाढताना विचारलं, भाकरी आणखी देऊ का. ते ताटातून वर बघून हो म्हणाले. पोट भरलेलं होतं, मला दिसत होतं, तरी आणखी एक खाल्ली. माझा अबोला तिथं संपला. दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं त्यांना कामावरून काढून टाकतील. काढलं नाही. साहेब त्यांच्याशी सरळ बोलत नाहीत, दुसऱ्या मुन्शीमार्फत कागद मागतात. तेही चालेल.

आता तुम्हाला वाटेल, झालं की सगळं चांगलं, मग वहिनीच्या पत्रात एवढा जाळ का? तेच सांगते. मोटार गेली ती कुठं गेली असेल? परभणीत मोटारीला जागा नाही ती नाहीच. ती गेली पुढच्या बोळाच्या तोंडाशी. बायनाबाईच्या दारात.

त्या बाईला तर ओटाही नाही. तिचं दार म्हणजे दीड हाताची चौकट. ती शेवया बाहेर उन्हात, दोरीवर वाळत घालते, तेवढंच तिचं पोट. आता तिच्या दोरीपुढं मोटार. शनिवारी ती माझ्याकडं आली. बसली, पाणी प्यायली, माझ्या हाताची जखम बघितली. मग म्हणाली, "वैनी, तुमचं दार मोकळं झालं, लय बरं झालं. माझ्याकडं तर कुणी गडीमाणूस न्हाई उभं ऱ्हायला." एवढंच. तक्रार नव्हती त्यात. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

मी हे रात्रीच्या जेवणाला तुमच्या भावाला सांगितलं. ते म्हणाले, आपलं दार तर सुटलं ना. आता दुसऱ्याच्या दारासाठी साहेबांशी कुठं भांडू? मी म्हटलं, आईंना तिनं न्हाऊ घातलं, ती दुसरी कशी? तर त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

वन्सं, या माणसाला काय म्हणावं? एकदा उभा राहिला. मला वाटलं, उभं राहणं एकदा आलं की आलं. तसं नसतं असं दिसतंय. का त्यांना सगळं बळ त्या एका सकाळी खर्चावं लागलं आणि आता उरलं नाही, हेही मला कळत नाही. मी त्यांच्यावर चिडतेय की बोळांवर, की वकीलसाहेबांच्या चांगुलपणावर, हेही नीट सांगता येत नाही. दिवसभर कामं करते आणि मनात भांडत असते. आडावर गेले की भांडते, पीठ चाळताना भांडते. आज सकाळी पुढच्या बोळावरून गेले. बायनाबाईनं दोरी काढून घेतली होती आणि शेवया घरात बाजेवर पसरल्या होत्या. आत अंधार. तशा शेवयांना बुरशी येणार.

म्हणून मी ठरवलंय. उद्या बंगल्यावरच्या चकरेसाठी डरायव्हर मोटार पुसायला येईल त्या वेळी मी बायनाबाईच्या दारात जाऊन बसणार. मोटार बाहेर गेली की ती परत आत येऊ द्यायची नाही. वरवंटा नेणार नाही, घाबरू नका. नुसती बसणार. लोक म्हणतील, मुन्शीची बायको आता गल्लोगल्ली मोटारी अडवत फिरते. म्हणू देत. हे मी तुमच्या भावाला सांगितलं. ते ऐकून घेतात, हे तुम्हाला लिहिलंच आहे.

लेकीच्या टाळूला तेल भरपूर घाला, आणि थंडी ओसरली की तिला घेऊन या. ओट्यावर ऊन पुन्हा येतंय.

दर पत्राच्या शेवटी मी तुमच्या भावाचे आशीर्वाद त्यांना न विचारताच लिहीत आले. आज विचारलं, हेमावन्संना काय लिहू? त्यांनी हातातलं बासन आधी बांधून ठेवलं. मग म्हणाले, "आशीर्वाद लिही. आणि लिही, की आईला मी अडवून धरलं होतं. हे तिला माझ्याकडून कळू दे."

ते लिहिलं. उद्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि मी विचारणार नाही.

तुमची,
उद्या एकटी निघणारी,
प्रमोदिनीवहिनी